अकरावी आर्ट्स: इतिहास की मानसशास्त्र? सोमवारपर्यंत ठरवायचंय

डिचोलीकरीण:
मुलगी यंदा दहावी झाली. गोवा बोर्ड, ७८ टक्के. सायन्स नको हे तिनं आठवीतच जाहीर केलं होतं. त्यावरची भांडणं घरात होऊन गेलीत, कृपया पुन्हा उकरू नका. आर्ट्स नक्की. इंग्रजी, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हेही नक्की. घोडं अडलंय ते उरलेल्या रकान्यांत. जवळच्या हायर सेकंडरीत इतिहास आणि मानसशास्त्र एकाच तासाला ठेवलेत, म्हणजे दोन्हींतलं एकच मिळणार. आणखी एका रकान्यात भूगोल किंवा अर्थशास्त्र. दुसरी भाषा मराठी की पोर्तुगीज, तेही लोंबकळतंय.

तिला मानसशास्त्र हवंय. का, तर "माणसं अशी का वागतात ते कळतं." (घरातली माणसं बघून हा प्रश्न पडला असेल तर दोष आमचा.) पण डिसेंबरात तांबडी सुर्ल्याचं जुनं देऊळ बघायला गेलो होतो. बाकीची पोरं नदीत पाय सोडून बसली आणि ही देवळाच्या भिंतीला तळवा टेकवून विचारत राहिली, आजूबाजूला सगळा जांभा, मग हा काळा दगड आणला कुठून? मला वाटतं हिचा पिंड इतिहासाचा. तिला विचारलं की एकच उत्तर: "मागीर पळोवया" (नंतर बघूया). सोमवारी फॉर्म द्यायचाय.

वाळपईचो_चेडो:
कॉमर्स घाला. सीए होईल. आर्ट्सला स्कोप नाही.

डिचोलीकरीण:
धन्यवाद. पुढचे?

खडू_डस्टर:
ताई, बावीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवतोय. विषय कुठला हे नंतर, शिकवणार कोण ते आधी विचारा. ऑफिसात नाही, यंदा बारावी झालेल्या दोन मुलांना विचारा. आमच्याकडे एका वर्षी मानसशास्त्राचे सर लेक्चर बेसिसवर, म्हणजे कायम नसून तासांवर नेमलेले, होते, त्यांची ऑर्डर निघेपर्यंत चतुर्थी होऊन गेली. मुलांनी तोवर ग्रंथालयात पंखा बघितला.

दुसरं. इतिहासाची हौस आणि इतिहासाचा पेपर यांत अंतर आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात तांबडी सुर्ला नाही. सुरुवात मेसोपोटेमियापासून, मग रोम, मंगोल, युरोपातली सरंजामशाही. बारावीला हडप्पापासून संविधानापर्यंत. सनावळ्या पाठ करून भागत नाही, उतारा देऊन "यावरून काय दिसतं" असं विचारतात. आपली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीला इंग्रजीत जातात; वाचून कळतं, पण पानभर सलग इंग्रजी लिहायची वेळ आली की पेन थांबतं. तिला एका रविवारी विनातयारी दोन पानं लिहायला बसवा. खूप काही कळेल.

मांडवीपार:
मी मानसशास्त्रात एमए, सध्या शाळांमध्ये समुपदेशक. मुलीला सांगा, तिला ज्याची उत्सुकता आहे ते मनोविकारांचं प्रकरण बारावीत येतं. अकरावीत आधी संशोधनपद्धती, मग संवेदना, अवधान, अध्ययन, स्मृती. म्हणजे शब्दांची यादी दाखवायची, किती आठवले ते मोजायचं, तक्ता करायचा. मला ते आवडलं. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलींना नाही आवडलं, कारण त्या स्वप्नांचा अर्थ शिकायला आल्या होत्या.

एमए केलं म्हणून क्लिनिकलची पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं वेगळं शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. वाट लांब आहे, पण गोव्यात हे काम आहे: बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि संगाथ या संस्थेनं तर इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना शिकवून समुपदेशन करवून घेतलं. आणि महत्त्वाचं: बीएला मानसशास्त्र घ्यायला बारावीत ते असलंच पाहिजे असं सहसा नसतं. ज्या कॉलेजात जायचं तिथे विचारून घ्या. तसं असेल तर ताण निम्मा कमी.

वकीलबाई_फोंडा:
वरच्या शेवटच्या मुद्द्याला +१. कायद्याचंही तेच. क्लॅटला, म्हणजे कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला, बारावी कुठल्याही शाखेची चालते. १२० प्रश्न, दोन तास, सगळे उताऱ्यांवर. भरभर वाचणारी पोर तरते.

मी आले ते पोर्तुगीजसाठी. इथला कौटुंबिक कायदा अजून १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर उभा आहे. जमिनीच्या केसमध्ये पक्षकार पिशवीतून जुना कागद काढतो, कडा वाळवीनं खाल्लेल्या, आजोबांच्या नावापुढे तीन ओळी पोर्तुगीज. मग आम्ही वकील भाषांतर करणाऱ्याच्या दारात. पणजीच्या पुराभिलेखागारातही शतकांचे पोर्तुगीज कागद पडून आहेत. इतिहास आणि पोर्तुगीज ही जोडी गोव्यात जितकी कामाची, तितकी देशात दुसरीकडे क्वचितच असेल. मराठी ती घरी वाचतेच ना? सरकारी नोकरीला कोकणी आवश्यक, मराठी इष्ट असं जाहिरातीत असतं, पण त्यासाठी बारावीला मराठी घ्यायलाच हवी असं नाही.

जांभ्या:
तिचा दगडाचा प्रश्न तुम्ही इतिहासात टाकलात, मी भूगोलात टाकतो. तो बेसाल्ट, दख्खनच्या पठाराचा दगड. कदंब राजांच्या काळात, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास, घाटावरून आणला असं मानतात. का आणला? एक कारण हाताला कळतं. जांभा सच्छिद्र, त्यावर नाजूक नक्षी टिकत नाही. त्या देवळाच्या छतातलं कमळ आठवा आणि तेच जांभ्यात कोरून बघा!

भूगोल घ्याच. प्रात्यक्षिक असतं, नकाशे काढावे लागतात, हात चालतो. आम्हाला खाजन शेताचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताचा, नकाशा होता. बांध कुठे, मानस (पाण्याचं दार) कुठे, भरतीचं पाणी अडतं कसं, हे चिखलात उभं राहून बघितलं. अर्थशास्त्र वाईट नाही, पण अकरावीला सांख्यिकी आणि बारावीला आलेख; आकड्यांशी जमत असेल तरच.

डिचोलीकरीण:
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. खडू सरांनी सांगितलं तसं केलं. शेजारच्या बारावीवाल्या मुलीनं सांगितलं, इतिहासाच्या मॅडम कायम आहेत आणि लिहिलेलं प्रत्येक उत्तर लाल करून परत देतात. मग एनसीईआरटीच्या साइटवरून दोन्ही पुस्तकं उतरवून दिली, काही न बोलता. मानसशास्त्राची चार-पाच पानं वाचून फोन उलटा ठेवला. मेसोपोटेमिया मात्र रात्री जेवताना ताटाशेजारी होता. मातीच्या विटकुरांवर हिशेब लिहायचे म्हणे, मेंढ्या किती, धान्य किती. नवऱ्याला म्हणाली, "बाबा, तुमच्या दुकानाची वही तशीच."

इतिहास आणि भूगोल लिहिले, पेननं. मांडवीपार ताई, मानसशास्त्र बीएला बघू म्हणतेय. भाषेचा रकाना अजून कोरा आहे. तिला पोर्तुगीज हवी, आजीला राग आलाय.

खडू_डस्टर:
पोर्तुगीजला मुलं किती होतात ते सोमवारी आधी विचारा. पाच-सहाच झाली तर वर्ग चालवतील याचा भरवसा नाही, आणि मग आजीशी भांडण फुकट.