मदत हवी आहे: इंटेल आत आल्यावर 'मॅक'ची ओळख कशात उरली?

मंडळी, ब्रँड या विषयावर एक टिपण लिहितेय. उदाहरण घेतलंय अ‍ॅपलने मॅक संगणकांतली पॉवरपीसी ही प्रोसेसर चिप सोडून इंटेलचा हात धरला त्याचं. घटनाक्रम ठाऊक आहे, गाडी अडलीय युक्तिवादात.

१९९८ च्या जाहिरातीत याच कंपनीने इंटेलचा पेंटियम टू प्रोसेसर गोगलगायीच्या पाठीवर बसवला होता. पुढे 'नुसत्या मेगाहर्ट्झच्या आकड्याला भुलू नका' हे पालुपद. २००३ मध्ये आयबीएमने बनवलेला जी५ हा पॉवरपीसी प्रोसेसर आला तेव्हा वर्षभरात ३ गिगाहर्ट्झ देऊ म्हणाले. तो वेग काही आला नाही, आणि जी५ एवढा तापायचा की लॅपटॉपमध्ये कधी बसलाच नाही. मग ६ जून २००५ ला स्टीव्ह जॉब्स मंचावरून सांगतात की मॅक ओएस टेन या ऑपरेटिंग सिस्टिमची प्रत्येक आवृत्ती पाच वर्षं गुपचूप इंटेलसाठीही तयार होत होती. म्हणजे टिंगल आणि सोयरिकीची बोलणी एकाच वेळी चालू!

माझं म्हणणं असं की मॅकची ओळख प्रोसेसरमध्ये नव्हतीच. पण मग २००६ मध्ये पॉवरबुक लॅपटॉपचं नाव मॅकबुक प्रो आणि पॉवर मॅकचं मॅक प्रो का केलं? चिप गौण होती तर तिच्या खुणा पुसायची एवढी घाई कशाला? आणि २०२० मध्ये स्वतःची एम१ चिप आणली, तेव्हा तिचा गाजावाजा का? कुणी सोडवून सांगेल का?

प्रतिसाद १:
पॉवरबुकचा मुद्दा काढून टाका. ते नाव १९९१ चं, तेव्हा आत मोटोरोलाची ६८००० कुळातली चिप होती. पॉवरपीसीवाले मॅक १९९४ ला आले, म्हणजे ते नाव या चिपवरून आलेलं नाही. शिवाय आयबुक लॅपटॉपचंही मॅकबुक झालंच की. नावात 'मॅक' हवं, हे जॉब्स यांनी तेव्हा उघड सांगितलं होतं.
मला विचाराल तर तुमचा खरा पुरावा दुसरीकडे आहे. मॅकवर विंडोज चालवायला कंपनीने आडकाठी केली नाही, एप्रिल २००६ मध्ये स्वतःच त्यासाठी बूट कॅम्प हे सॉफ्टवेअर दिलं. मॅक ओएस मात्र दुसऱ्याच्या यंत्रावर चालू द्यायची नाही, यावर ठाम. १९९७ मध्ये परवाना घेऊन मॅकसारखी यंत्रं बनवणाऱ्या क्लोनवाल्यांचे परवाने गुंडाळले, त्यामागेही हाच हट्ट. आणि हो, 'इंटेल इनसाइड'चा स्टिकर इतर कंपन्या मिरवत होत्या, मॅकवर तो कधी लागला नाही.

प्रतिसाद २:
वापरणाऱ्यांना बदल फारसा का बोचला नाही तेही लिहा. जुनी पॉवरपीसी सॉफ्टवेअरं रोझेटा या रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे इंटेलवर चालत होती, थोडी रडतखडत का होईना. मॅक ओएस ९ च्या काळातल्या सॉफ्टवेअरचा मात्र बळी गेला, कारण इंटेल मॅकवर ते चालवणारी 'क्लासिक' ही सोय नव्हतीच. रोझेटाही २०११ मध्ये मॅक ओएस टेनच्या 'लायन' आवृत्तीबरोबर गेलं.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. पॉवरबुक काढते, स्टिकर आणि क्लोन आत घेते. म्हणजे ओळख 'सगळं यंत्र आमच्या ताब्यात' यात होती, असं मांडता येईल. एम१ तिथे आपोआप बसतो: आधी आयबीएमच्या, मग इंटेलच्या वेळापत्रकावर अवलंबून राहिलेल्यांनी शेवटी चिपही ताब्यात घेतली. एकच शंका उरते. ताबा इतका महत्त्वाचा होता, तर मधली जवळजवळ १५ वर्षं बाहेरच्या चिपवर निभावलं कसं? याला आयफोनच्या चिप्सचा अनुभव गाठीशी येईपर्यंत थांबले, एवढंच उत्तर पुरेल का?

प्रतिसाद १:
बरंचसं. पण त्या काळात मॅकच्या लॅपटॉपना इंटेलचा फायदाही झाला, तो लपवू नका.