एअर रायफलची फोरग्रिप : ७०० वाली घ्यावी की ६,५०० वाली?

सुदामानगर_१७७

नमस्कार मंडळी. मुक्काम इंदूर. रायफल ०.१७७ इंची छऱ्याची पीसीपी (आधीच दाबाने भरून ठेवलेल्या हवेवर चालणारी), २० ज्यूलच्या आतली. स्टॉकच्या, म्हणजे दस्त्याच्या, खाली पुढे साधारण १२ सेंमीची रेल (सामान जोडायची खाचांची पट्टी) आहे, तिला उभी फोरग्रिप, म्हणजे पुढच्या हाताने धरायची मूठ, लावायची आहे. दोन समोर आहेत. एक ७०० रुपयांची : नायलॉनची, दुमडणारी, आत बॅटरी ठेवायला कप्पा. दुसरी नावाजलेल्या कंपनीची, ६,५०० ची, न दुमडणारी. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. मग वरचे ५,८०० कशाचे? वापर १० मीटरवर उभ्याने आणि २५ मीटरवर टेबलावर टेकवून. मुलगी हीच रायफल घेऊन पुढे १० मीटरच्या स्पर्धेत उतरेल असा विचार आहे.

रेल_आणि_खाच

किंमत राहू द्या, आधी रेल मोजा. ‘पिकॅटिनी’ (ठरलेल्या मापाच्या खाचांची रेल) म्हणून विकली जाणारी प्रत्येक रेल पिकॅटिनी नसते. व्हर्नियर कॅलिपरचे वरचे छोटे जबडे खाचेत घालून रुंदी बघा. खऱ्या पिकॅटिनीची खाच ५.२३ मिमी असते आणि एका खाचेपासून पुढची बरोबर १०.०१ मिमीवर येते. एकच अंतर मोजलंत तर चूक कळणार नाही, म्हणून पहिल्या खाचेच्या कडेपासून सहाव्या खाचेच्या त्याच कडेपर्यंत मोजा : ५० मिमी आलं पाहिजे. खाच ४.५७ च्या आसपास भरली तर ती वीव्हर, म्हणजे दुसऱ्या मापाची रेल. वीव्हरमध्ये खाचांमधलं अंतर ठरलेलं नसतं. रेलची एकूण रुंदी दोन्हीत जवळजवळ सारखी, २१ मिमीच्या थोडी वर, त्यामुळे नुसतं बघून फसायला होतं.

आणखी एक बघा. रेल स्टॉकला आहे की बॅरलला? बॅरलला असेल तर कुठलीच मूठ लावू नका. मूठ ओढली की बॅरलवर ताण येतो आणि छऱ्याची जागा हलते. १ मिनिटाचा कोन म्हणजे १० मीटरवर २.९ मिमी. तुमच्या टार्गेटवर एका रिंगपासून पुढची रिंग २.५ मिमीवर आहे. म्हणजे एवढ्याशा ताणाने एक अख्खी रिंग गेली.

धातूकाम_इंदूर

वरचे पैसे कशाचे, ते सांगतो. हातात येतो तो भाग दोन्हीत फारसा वेगळा नसतो. काचतंतू मिसळलेलं नायलॉन ७०० वालीतही मिळू शकतं आणि ते मजबूत असतं. फरक आहे तो जोडात.

स्वस्त मुठीत पहिली बिघडते ती पितळी नट-बुशी. प्लॅस्टिकमध्ये ती नुसती दाबून बसवलेली असते. दोन-चार वेळा आवळलं की बुशी जागेवर फिरू लागते, मग बोल्ट आवळलाही जात नाही आणि सुटतही नाही. दुसरं, जबडा. रेलच्या कडेला उतार असतो आणि जबड्याने त्या उताराला पूर्ण लांबीभर टेकायला हवं. स्वस्त साच्यात तो फक्त टोकाला टेकतो, तेवढ्याच जागी दाब येतो आणि प्लॅस्टिक हळूहळू दबतं. आज घट्ट वाटलेली मूठ महिन्याने डुलते ती यामुळे. तिसरं, बोल्टचं डोकं मऊ असतं आणि ॲलन कीने आतला षटकोन गोल होतो. हा दोष मात्र सियागंजात दहा-वीस रुपयांत सुटतो : १२.९ ग्रेडचा त्याच मापाचा ॲलन बोल्ट घ्या आणि जुना टाकून द्या.

दुमडणारी घेऊच नका, ७०० ची असो की ७,००० ची. बिजागरीत केसभर फट असली तरी मुठीच्या टोकाला ती मिलिमीटरभर होते. कप्प्याचं झाकणही खडखडतं. दुकानात एक हात जबड्यावर आणि दुसरा मुठीच्या टोकावर ठेवून पिळून बघा. कुठेही ‘टक’ जाणवलं तर परत ठेवा. वरून मऊ रबरासारखा लेप असेल तर तोही टाळा. दमट हवेत तो विरघळल्यासारखा चिकट होतो आणि पुसून जात नाही. साधं खरबरीत नायलॉन घ्या, हात घसरत असेल तर बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप गुंडाळा.

पीसीपीला धक्का जवळजवळ नसतो, म्हणून तुमच्या रायफलवर बऱ्यापैकी स्वस्त, एकसंध मूठ टिकेल. स्प्रिंगची रायफल असती तर उत्तर बदललं असतं. तिला आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन झटके बसतात आणि जबडा त्याने सरकतो. शिवाय ती सैल हातातच नीट चालते, मूठ आवळून धरली की ग्रुप (टार्गेटवरचा छऱ्यांचा झुपका) फुटतो.

सुदामानगर_१७७

मोजलं. खाच ४.६, सहा खाचांचं अंतर ५० आलं नाही, ४८ च्या आसपास आहे. रेल स्टॉकलाच आहे, दोन स्क्रूंनी. आता?

रेल_आणि_खाच

वीव्हर आहे. मग ६,५०० वाली आहे तशी बसणारच नाही. तिचा आडवा दांडा पिकॅटिनीच्या ५.२३ च्या खाचेसाठी केलेला असतो. जबरदस्तीने आवळलीत तर दांडा खाचेच्या वर तरंगेल आणि मूठ नुसत्या जबड्यावर राहील.

यावर दोन मार्ग आहेत. आडवा बोल्ट एम४ असलेली मूठ शोधा. ४ मिमीचा बोल्ट ४.५७ च्या खाचेत उतरतो, एम५ उतरत नाही. व्हर्नियर दुकानात घेऊन जा. नाहीतर रेलच बदला, आणि मला हाच मार्ग पटतो. दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर मोजून ॲल्युमिनियमची खरी पिकॅटिनी पट्टी घ्या. पैसे खर्च करायचे तर इथे करा : रेल चांगली, मूठ स्वस्त. उलट केलंत तर महागडी मूठ डुलत्या पायावर बसेल.

रेलसाठी स्टॉकमध्ये नवीन भोक पाडायची वेळ आली तर रायफल उलगडून स्टॉक वेगळा करूनच पाडा. पीसीपीच्या हवेच्या नळकांड्याला ड्रिलचं टोकसुद्धा लागता कामा नये. २०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो आत, ओरखडासुद्धा धोक्याचा.

दहामीटर_ताई

दादा, मुलीच्या स्पर्धेचं लिहिलंत म्हणून सांगते : तिच्यासाठी उभी मूठ नकोच. आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर रायफलचा पुढचा भाग बॅरलच्या मध्यापासून १२० मिमीपेक्षा खाली जाता कामा नये. रेलचा तळ बॅरलच्या मध्यापासून ४५ मिमीवर धरा, त्यात ९५ मिमीची मूठ मिळवा, झाले १४०. तपासणीच्या टेबलावरच रायफल परत येईल. नेम धरायच्या साइटसकट वजनाची हद्द ५.५ किलो आहे, तीही लक्षात असू द्या.

नियम बाजूला ठेवला तरी उभ्याने नेम धरताना मुठीचा तोटाच आहे. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलं पाहिजे, हात सरळ खांबासारखा आणि रायफल त्यावर नुसती ठेवलेली. म्हणजे वजन हाड पेलतं, स्नायू नाही. उभी मूठ धरली की हात पुढे जातो, कोपर कमरेवरून सुटतं आणि दंड थरथरायला लागतो. १० ची खूण अर्ध्या मिलिमीटरची आहे, तिथे ती थरथर लगेच दिसते.

तिला हवा आहे रायझर, म्हणजे स्टॉकखाली बसणारा सपाट ठोकळा, ट्रिगर गार्डच्या जरा पुढे. उंची अशी ठरवा : कोपर कमरेवर, हात ठोकळ्याखाली, मान सरळ, डोळे मिटून रायफल खांद्याला. डोळे उघडल्यावर मागच्या साइटमधून पुढचं वर्तुळ मधोमध दिसलं तर उंची बरोबर. खाली बघावं लागलं तर ठोकळा वाढवा. आधी ५ मिमीच्या लाकडी चकत्या चिकटपट्टीने लावून करून बघा, उंची पक्की झाली की मग विकत घ्या. इथेही महागड्याची गरज नाही, सागाचा तुकडा चालतो. फक्त तो तळाशी हलता कामा नये.

धातूकाम_इंदूर

ताईंचं बरोबर आहे. मग मूठ फक्त २५ मीटरच्या टेबलासाठी उरली, तिथेही ती हाताने ओढायला नाही, टेकूच्या बॅगेमागे टेकायला.

बसवताना रायफल रिकामी आहे हे ब्रीच (छर्रा भरायची जागा) उघडून बघा. रेल आणि जबडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेलाचा अंश राहिला तर मूठ सरकतेच. बोल्ट आधी बोटाने लावा, मूठ मागे, म्हणजे खांद्याकडे, ढकलून धरा आणि मगच आवळा. जोर त्याच दिशेने येणार आहे, म्हणून दांडा खाचेच्या मागच्या भिंतीला टेकलेला हवा. एम४ ला ३ मिमीची ॲलन की. तिचा लांब दांडा बोल्टमध्ये घाला आणि आखूड दांडा दोन बोटांनी फिरवा. एवढ्याने पुरेसं आवळतं, लांब दांड्याने जोर केलात तर प्लॅस्टिकमधली बुशी फिरेल.

लॉकटाइट लावायचं तर धातूत धातू असेल तिथेच, जांभळं २२२, एक थेंब, आणि २४ तास हात लावू नका. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटच्या मुठीला ते लागलं तर बारीक भेगा पडतात आणि मूठ आवळताना फुटते. तिथे नायलॉनच्या कड्याचा नट घाला.

शेवटी जबडा आणि रेल यांवर मिळून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा. ५ छर्रे मुठीशिवाय, ५ मूठ सैल धरून, ५ घट्ट ओढून. तीन ग्रुपांचे मध्य जुळले आणि रेघ तुटली नाही तर स्वस्त, न दुमडणारी मूठच ठेवा. फक्त तिसरा ग्रुप सरकला तर दोष मुठीचा नाही, रेल स्टॉकला जिथे बसली आहे तिथे शोधा.