मदत हवी आहे : २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण कोकणात, ऐन पावसात, मुलांना कसं दाखवावं?

कातळवाट :
रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाडीवरची शाळा, मुलं साधारण साठ. त्या दिवशी सोमवार आहे, म्हणजे शाळा चालू. जागेचे तीन पर्याय आहेत : किनारा, गावामागचा सडा (उघडं कातळी पठार) आणि शाळेचं अंगण (पश्चिमेला माड-पोफळी). चौथा पर्याय गाडी करून घाटावर नेण्याचा. २०१९ च्या ग्रहणाचे पंधराएक चष्मे कपाटात पडून आहेत. जागा कुठली घ्यावी, ते चष्मे चालतील का, आणि आभाळ भरून आलं तर काय करावं?

कवडसा :
पहिली गोष्ट, आपल्याकडे हे खंडग्रास आहे. खग्रासचा पट्टा स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदी, येमेन, सोमालिया असा जाऊन हिंदी महासागरात उतरतो. लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त काळ खग्रास आहे. तिथले लोक तेवढा वेळ चष्मा काढतील आणि त्याचे व्हिडिओ फिरतील. कोकणात चष्मा काढायचा क्षण एकदाही येत नाही, हे मुलांना आधी सांगा.

वेळ साधारण दुपारी चारच्या सुमारास ते संध्याकाळी सहाच्या आत. तुमच्या गावचे स्पर्श, मध्य, मोक्ष (ग्रहण लागणं, मध्य, सुटणं) पंचांगात बघून घ्या. त्या दिवशी रत्नागिरीहून सूर्य चार वाजता क्षितिजाच्या वर सुमारे ४३ अंश, पाचला २९, सहाला १५. हात ताठ धरून वळलेली मूठ म्हणजे १० अंश. पाच वाजता पश्चिमेच्या किंचित उत्तरेला तीन मुठी मोजा. माडांचे शेंडे त्याच्यावर जात असतील तर अंगण बाद. मोजमाप आदल्या वर्षी त्याच तारखेला करून ठेवा, सूर्य त्याच वाटेने जातो.

सडा सगळ्यांत बरा. फक्त पावसात कातळावर शेवाळ असतं, वर बघत चालणारं पोर घसरतंच. एका जागी बसवा, उठून फिरू देऊ नका.

दर्यावर्दी :
चौपाटीर नको, सड्यार जावा. अमावास्येचं उधाण, त्यात ऑगस्टचा समुद्र. दुपारनंतर ओहोटीची ओढ असते आणि चष्मा लावलेल्या माणसाला लाट दिसत नाही, कारण त्यातून सूर्याशिवाय काहीच दिसत नाही. शिवाय खारं तुषार काचेवर बसतं. ते पुसायला गेलं की मिठाचे कण काचेवरचा लेप खरवडतात.

भिंगवाला :
जुन्या चष्म्यांबद्दल. आठ वर्षं कोकणातल्या कपाटात म्हणजे पुठ्ठा फुगलेला, कडा सुटलेल्या, बुरशी धरलेली असणार. एकेक तपासा : घरात लावून ट्यूबलाइटकडे बघा, काहीही दिसता कामा नये. मग मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरा. मंद ठिपका दिसला तर ठीक, पण ठिपक्याभोवती चांदण्यासारखे आणखी ठिपके दिसले तर लेपाला भोकं पडली आहेत. तो चष्मा कात्रीने कापून टाका, नुसता केरात टाकलात तर कुणीतरी उचलतं. मात्र ही चाचणी चष्मा नापास करण्यापुरतीच आहे, पास करण्यासाठी नाही. अदृश्य अवरक्त किरण किती येतात ते तिच्यात कळत नाही. म्हणून आतल्या बाजूला आयएसओ १२३१२-२ (ग्रहणाच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) छापलेलं असावं आणि चष्मा खात्रीच्या विज्ञानसंस्थेकडून घेतलेला असावा. नुसता शिक्का कुणीही छापतो. ओल्या फडक्याने पुसू नका.

चष्मा लावून दुर्बिणीत बघणं सगळ्यांत वाईट. दुर्बीण प्रकाश एकवटते आणि चष्म्याचा पडदा जळून आरपार होतो. सूर्यासाठीची गाळणी (फिल्टर) दुर्बिणीच्या पुढच्या, मोठ्या भिंगावर हवी.

चाकरमानी :
आमच्याकडे थाळीत हळदीचं पाणी घेऊन बघतात. ते चालेल ना? आणि वेल्डिंगची काच?

भिंगवाला :
थाळी नको. वरून बघितलं तर पाणी दोनेक टक्के प्रकाश परत फेकतं, सूर्य उतरला की त्याहून जास्त. प्रमाणित चष्म्यातून जास्तीत जास्त ०.००३२ टक्के येतो. म्हणजे थाळीतला सूर्य त्याच्या शेकडो पट झगझगीत. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाहीत, म्हणून त्या वेळी काही वाटत नाही आणि काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग जाणवतो. वेल्डिंगची काच फक्त १४ नंबरची. वर्कशॉपात बहुधा १० किंवा ११ मिळते, ती नको. दोन काचा जोडून बेरीज करायचे उद्योगही नकोत. एक्स-रे, काजळी धरलेली काच, वेफर्सच्या पुड्यांची चांदी, सगळं बाद.

कवडसा :
आता ढग. घाटावर न्यायचं तर घाटमाथ्यावर थांबून उपयोग नाही, आंबा घाट काय नि आंबोली काय, ऑगस्टमध्ये ढगाच्या पोटात असतात. पर्जन्यछायेत, आटपाडी-सांगोल्याकडे उतरावं लागेल. साठ मुलं, शाळेचा दिवस, कोल्हापूरपर्यंतच सव्वाशे किलोमीटरहून जास्त, आणि तिथेही आभाळ मोकळं मिळेलच असं नाही. मी नेणार नाही.

पातळ ढगातून सूर्य चंद्रासारखा मवाळ दिसतो तेव्हा हमखास चष्मे उतरतात. ढग कधीही फाटतो आणि डोळा त्या क्षणी तिथेच रोखलेला असतो. चष्म्यातून दिसत नसेल तर दिसत नाही, थांबायचं.

ढगांमधल्या फटींचा फायदा घ्यायला बॉल-मिरर करा, म्हणजे चेंडूवर आरसा बसवून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडायची. रबरी चेंडूत छोटं भोक पाडून कोरडी वाळू भरा (ओली वाळू गोळा होऊन एका बाजूला बसते आणि चेंडू कलंडतो), भोक चिकटपट्टीने बंद. पाच सेंटिमीटरचा सपाट आरसा चेंडूला चिकटवा आणि त्यावर एक सेंटिमीटर भोकाचा काळा कागद. चेंडू चुंबळीवर ठेवा, हवा तसा फिरतो आणि फिरवला तिथे राहतो. कवडसा अंधाऱ्या वर्गातल्या पांढऱ्या भिंतीवर पाडा. प्रतिमेचा व्यास अंतराच्या सुमारे ११० व्या भागाइतका : २० मीटरवर १८ सेंटिमीटर. अंतर दोन-तीन मीटरच ठेवलं तर प्रतिमा लहान आणि धूसर येते, ग्रहणाचा आकार नीट कळत नाही. दोन मिनिटांत प्रतिमा स्वतःच्या रुंदीइतकी सरकते, म्हणून एक जण चेंडूपाशी बसवा. त्याने आणि मुलांनी आरशात बघायचं नाही. प्रकाशाच्या वाटेत दोरी बांधा.

बाकी ऊन पडलं तर चाळण आहेच. मीटरभर उंचीवरून धरा, भोकं दोनेक मिलिमीटरचीच हवीत, जमिनीवर चावा घेतलेल्या सूर्यांच्या रांगा उमटतील. कौलारू माजघर असेल तर तिथले कवडसे बघा, उलटे दिसतील.

कातळवाट :
बॉल-मिरर शाळेतच करतो, सड्यावर फक्त तपासलेले चष्मे. वर्गाचं दार पूर्वेला आहे, चालेल?

कवडसा :
सूर्य इमारतीमागे जाईल. पाच वाजता सावली उंचीच्या जवळपास पावणेदोनपट पडते. पाच मीटर उंच इमारत असेल तर आरसा भिंतीपासून निदान दहा मीटरवर, साडेपाचला त्याहून लांब न्यावा लागेल. दक्षिणेला किंवा उत्तरेला खिडकी असलेला वर्ग मिळाला तर तो घ्या आणि बाकीच्या खिडक्यांना गोणपाट लावा.