जंगल राखायचं तर आधी हक्क द्या. पटतं का?

रानवाट (धानोरा)
जंगल वाचवायचं तर माणसं बाहेर काढा, असं सर्रास ऐकतो. माझं मत उलट आहे. ज्याचा हक्क, तोच जंगल राखतो. गडचिरोलीतल्या आमच्या मेंढा (लेखा) गावाला २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. जयराम रमेश केंद्रात पर्यावरणमंत्री असताना गावात आले, तेव्हा एप्रिल २०११मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. हक्क आमचा आणि शिक्का दुसऱ्याचा, याला काय अर्थ?

एटापल्लीकर
भाऊ, मेंढ्याचं उदाहरण किती वर्षं देणार? प्रत्येक गावाला तुमच्या देवाजी तोफांसारखा पुढारी लाभत नाही. उन्हाळ्यात पहाटे रानात जायचं, घरी येऊन सत्तर-सत्तर पानं मोजून तेंदूचे पुडे बांधायचे. थोड्या दिवसांचा हंगाम तो, त्यात वर्ष निघत नाही जी. सुरजागडच्या लोहखाणीवर पोरांना महिन्याचा पगार मिळतो. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की बाळंतीण खाटेवर न्यावी लागते. रस्ता, दवाखाना हे मानवी हक्क नाहीत का?

रानवाट (धानोरा)
आहेत. म्हणूनच ते खाणीच्या बदल्यात मिळायचे नसतात. पगाराला माझा विरोध नाही, न विचारण्याला आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइट खाणीबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१३मध्ये ग्रामसभांना विचारायला लावलं. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. होकार आला असता, तर तोही मी मानला असता.

वैनगंगाकाठ (पवनी)
आमच्या वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८चं. धानाला पाणी हवंच होतं, आजही हवं आहे. पण बुडणाऱ्या गावांचं म्हणणं एवढंच होतं की आधी पुनर्वसन, मग धरण. झालं उलटंच.

एटापल्लीकर
विचारावं, मान्य. पण ग्रामसभेत बोलतात चारच जण, बाया मागे बसून ऐकतात. मग तो ठराव नेमका कोणाचा? आणि खाणीला हो म्हणणाऱ्याला गावद्रोही ठरवतात, तेही थांबवा.

रानवाट (धानोरा)
गावद्रोही म्हणणं चूकच. मेंढ्यात म्हणूनच बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेत.

एटापल्लीकर
तुमची सभा पुढे ढकलली की आमची माणसं मिरची तोडायला तेलंगणात निघून जातात. त्या सभेला कोण बसणार, ते सांगा.