मदत हवी आहे: मे महिन्यात कोल्हापुरात पाहुण्यांना कमी खर्चात काय दाखवावे?

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या थोरल्या नणंदबाई, त्यांचे यजमान, 13 आणि 9 वर्षांच्या त्यांच्या दोन मुली आणि आमच्या मावससासूबाई असे पाच जण नागपूरहून सहा दिवसांसाठी आमच्याकडे कोल्हापूरला येत आहेत. मावससासूबाई 77 वर्षांच्या आहेत. सपाट रस्त्यावर त्या सावकाश चालतात, परंतु पायऱ्या फार असल्या की त्यांचे गुडघे धरतात. आमच्याकडे चारचाकी नाही, आणि यंदा घरात मोठे आजारपण होऊन गेल्यामुळे रोज भाड्याची गाडी करणे शक्य नाही. पाहुण्यांना हे जाणवू नये आणि तरीही कोल्हापूर त्यांच्या मनात राहावे, अशी माझी फार इच्छा आहे.

अंबाबाईचे दर्शन पहिल्याच दिवशी पहाटे होईल, त्यामुळे तो प्रश्न नाही. संध्याकाळ रंकाळ्यावर जाईल हेही ठरलेले आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की संध्यामठ उघडा पडतो, तो मुलींना दाखवायचा आहे, आणि मावससासूबाईंना काठावर वाऱ्याला बसता येईल. परतताना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचे डोळ्यांदेखत काढलेले धारोष्ण दूध प्यायचे, एवढाच त्या दिवसाचा खर्च.

खरी मदत हवी आहे ती पुढच्या दिवसांसाठी. मोठी मुलगी यंदा आठवीत गेली आहे आणि तिला राजर्षी शाहू महाराजांविषयी फार कुतूहल आहे. 1902 साली महाराजांनी आपल्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, एवढे तिने वाचले आहे. परंतु ते ज्या गावात घडले ते गाव तिने पाहिलेले नाही. दसरा चौकात उभे राहिले की वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी महाराजांच्या आधाराने उभी राहिलेली वसतिगृहे आजही आजूबाजूला दिसतात, आणि ते पाहायला तिकीट लागत नाही. तेथून टाऊन हॉलचे वस्तुसंग्रहालय जवळ आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती तेथे आहे. समुद्रापासून इतक्या दूर, पंचगंगेच्या काठी ती कशी आली असेल, या प्रश्नावर दोन्ही मुली तासभर बोलत राहतील याची मला खात्री आहे. संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी आणि सध्याचे प्रवेशशुल्क कोणी कळवील का?

कुस्तीविषयीही विचारायचे आहे. खासबागेचे मैदान महाराजांनी बांधून घेतले, आणि कोठेही बसले तरी आखाडा नीट दिसावा अशी त्याची वाटोळी, खोलगट रचना आहे. ऑगस्ट 2024 मध्ये शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, त्या दुःखद घटनेनंतर मी तिकडे गेलेले नाही. मैदान सध्या आतून पाहता येते का? तसेच सकाळी एखाद्या तालमीत मुलींना बाहेरच्या बाजूला बसून मल्लांचा सराव पाहू देतात का? तालमीची शिस्त मोडून काही करावे असे मला वाटत नाही. परवानगी कोणाकडे मागावी एवढे कळले तरी पुरे.

शहराबाहेरच्या प्रवासाचा हिशेब मी एसटीवर बसवला आहे. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे आणि महिलांना तिकीट निम्मे आहे, म्हणजे आमच्यापैकी पूर्ण तिकीट फक्त नणंदबाईंच्या यजमानांचे. पन्हाळ्याला एसटी थेट गडावर जात असल्याने मावससासूबाईंनाही नेता येईल. सज्जा कोठी, अंबरखाना आणि तीन दरवाजा यांपैकी बसथांब्यापासून सर्वांत कमी चालावे लागेल असे ठिकाण कोणते, आणि सावलीत बसायला चांगली जागा कोठे आहे, हे तेथे वृद्धांना घेऊन गेलेल्यांनी सांगावे. जोतिबाला मात्र मी यंदा नेणार नाही. गेल्या वर्षी भर दुपारी माहेरच्या मंडळींना तेथे घेऊन गेले आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून लहान भाच्याच्या तळपायांना फोड आले. वेळ माझीच चुकली होती. नागपूरच्या लोकांना आमचे ऊन सौम्य वाटेल हे खरे, तरी तापलेला दगड सर्वांना सारखाच भाजतो.

माझ्या मनात सर्वांत अधिक आहे ते खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात, छताच्या मधोमध ठेवलेल्या वर्तुळाकार मोकळ्या जागेतून आकाश दिसते, त्याच्या बरोबर खाली गोल शिळा आहे आणि भोवती कोरीव खांब. महादेवाचे मंदिर असूनही समोर नंदी नाही, ही गोष्टही मुलींना सांगता येईल. सकाळी नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तदर्शन घेऊन, कुरुंदवाडमार्गे खिद्रापूरला जावे आणि संध्याकाळी परत यावे, असा विचार आहे. कुरुंदवाडहून खिद्रापूरला जाणाऱ्या आणि विशेषतः दुपारनंतर तेथून परतणाऱ्या गाड्यांच्या वेळा कृपया कळवाव्यात.

तिकीट काढून जाण्याची करमणुकीची ठिकाणे सुचवू नयेत, ही नम्र विनंती. तशी ठिकाणे त्यांच्या शहरातही आहेत.

भर (तीन दिवसांनंतर): इतक्या आपुलकीने उत्तरे दिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. नर्सरी बागेतील महाराजांचे समाधिस्थळ माझ्या लक्षातच आले नव्हते. ते दसरा चौकाच्या दिवसाला जोडते, म्हणजे सगळे एकाच सकाळी उन्हे चढण्यापूर्वी होईल. पन्हाळ्याला दुपारी उशिरा निघून संध्याकाळ गडावर घालवावी, ही सूचनाही मान्य आहे. तीन दरवाजापर्यंत मावससासूबाईंना रिक्षाने न्यावे, असे दोघांनी लिहिले आहे, आणि तेवढा खर्च मी आनंदाने करीन.

खिद्रापूरच्या परतीच्या एसटीची वेळ मात्र अद्याप कोणी सांगितलेली नाही. शिरोळ तालुक्यातील कोणी येथे असल्यास, शेवटची गाडी किती वाजता सुटते तेवढे लिहावे. सोबत वृद्ध आणि मुली असल्याने ती चुकवून चालणार नाही.