रोड ट्रिपचा प्लॅन काय होता आणि झालं काय

जूनमध्ये आईबाबा येतायत, पहिल्यांदाच अमेरिकेत, आणि नवऱ्याने नेहमीप्रमाणे एक्सेल शीट उघडलीय. व्हेगसला उतरायचं, गाडी घ्यायची, झायॉन आणि ब्राइस ही युटातली पार्क, पेज हे ॲरिझोनातलं गाव, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन आणि परत व्हेगस, सगळं पाच दिवसांत. मला शीट बघूनच दमायला झालं, कारण मागच्या वेळी हाच उद्योग केला होता, तेव्हा मोठी पाच वर्षांची आणि धाकटा पोटात, दर पाऊण तासाने मला गाडी थांबवायला लागायची आणि शीटमध्ये त्याची सोय नव्हती. ब्राइसला पोचलो तेव्हा सूर्य मावळून गेलेला. व्हेगसहून एसी लावून निघालो होतो आणि इथे दात वाजत होते, कारण ब्राइसची कड आठ हजार फुटांवर आहे हे कोणी वाचलंच नव्हतं. हेडलाइटच्या उजेडात पार्कच्या पाटीसोबत फोटो काढला आणि निघालो. तो फोटो दाखवून नवरा आजही म्हणतो, ब्राइस झालंय आपलं.

तर मंडळी, तुमचे अनुभव लिहा. आईवडील सोबत असताना दिवसाला किती मैल झेपतात, मुलांचं काय करता, खाण्याचं काय, मध्ये शहरं घेता की टाळता. फजित्या आधी लिहा, चांगलं चांगलं फोटोत दिसतंच.

*

त्या शीटमध्ये घड्याळाचा एक कॉलम घाला आधी. आम्ही पेजला राहिलो होतो आणि मॉन्युमेंट व्हॅलीत सकाळी ९ची जीप टूर बुक केलेली, दोन तासांचा रस्ता म्हणून साडेसहाला निघालो, वाटेत थर्मासमधला चहा प्यायलो, अगदी निवांत साडेआठला गेटवर. तिथे साडेनऊ वाजलेले! ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही पण नवाहो नेशन (तिथल्या मूळ आदिवासींचा स्वायत्त प्रदेश) करतं, म्हणजे एकाच राज्यात दोन वेळा. वर गंमत अशी की पेजजवळचं अँटिलोप कॅन्यनही नवाहो लोकांच्याच जमिनीवर, पण तिथल्या टूर ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. फोनवर अजिबात विसंबू नका, जो टॉवर सापडेल त्याची वेळ दाखवतो. बुकिंग करताना सरळ फोन करून विचारा, तुमचे नऊ म्हणजे कुठले नऊ.

जीप अर्थातच निघून गेलेली, मग आपल्याच सेडानने तो १७ मैलांचा कच्चा रस्ता केला. धूळ इतकी की पुढे डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा आईने बॅग झटकली तर चेनमधून लाल माती निघाली. आणि हो, मॉन्युमेंट व्हॅली नॅशनल पार्क नाही, नवाहोंचं ट्रायबल पार्क आहे, तुमचा नॅशनल पार्कचा ॲन्युअल पास तिथे चालत नाही, वेगळे पैसे.

*

मैलांचं उत्तर : सासूसासरे असताना २०० ते २५०, त्याच्या वर नाही. आणि मॅपवरच्या दर तीन तासांना चार धरायचे.

आमची फजिती कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कची. तिथे व्हॅलीत करी व्हिलेज म्हणून जागा आहे, कॅनव्हासचे तंबू, आत कॉट. नाव ऐकूनच सासरे खूश, म्हणाले करी व्हिलेज म्हणजे आपलंच गाव की. (करी हे १८९९ साली तिथे कॅम्प सुरू करणाऱ्या जोडप्याचं आडनाव, रश्श्याशी संबंध नाही, पण त्यांना सांगून उपयोग झाला नाही.) तर तिथे अस्वलांमुळे खायचं काही तंबूत ठेवायचं नाही, रात्री गाडीतही नाही, कारण अस्वल गाडीचं दार वाकवून उघडतं. सगळं बाहेरच्या लोखंडी पेटीत. खाण्याचं ठीक, पण रेंजरताई म्हणाल्या ज्या ज्या वस्तूला वास आहे ते सगळं. झालं. सासूबाईंनी पिशवी उपडी केली. बाकरवडी, दशम्या, लसणीची चटणी, गोडा मसाल्याची पुडी, ते झाल्यावर खोबरेल तेल, अमृतांजन, टूथपेस्ट आणि सगळ्यात शेवटी अगरबत्तीचा पुडा. अगरबत्तीवर त्या अडून बसल्या, देवाची आहे, अस्वल काय करणार. रेंजरताईंनी पुडा हातात घेऊन वास घेतला, डोळे मिटून जरा जास्तच वेळ, आणि म्हणाल्या, हे तर नक्कीच आत. रात्री अडीचला सासऱ्यांना गुडघ्याला लावायला अमृतांजन हवं झालं आणि मी टॉर्च घेऊन, अंगावर शाल, पेटीची ती कडी उघडत उभी. कडी अशी की हात वरच्या खाचेत घालून आतून दाबायची, अस्वलाच्या पंज्याला जमू नये म्हणून. मलाही जमत नव्हती.

*

शिकागो ते यलोस्टोन गाडीने, १४०० मैल एका बाजूने. दोन मुलं, ९ आणि ६. लोक वेड्यात काढतात पण मला विचाराल तर विमानाने जाणाऱ्यांना साउथ डकोटा कळतच नाही. आय-९० हायवेवर तासन्‌तास काही नसतं आणि मग वॉल ड्रगच्या पाट्या सुरू होतात, फुकट बर्फाचं पाणी, पाच सेंटला कॉफी, मुलं पाट्या मोजत बसली आणि तीन तास टॅबलेट मागितला नाही. १९३१ला घेतलेलं साधं औषधाचं दुकान, थंड पाण्याची पाटी लावली आणि चालायला लागलं, आपल्याकडे हायवेला उसाच्या रसवाल्याचं व्हावं तसं. तिथून बॅडलँड्स पार्क अगदी जवळ.

यलोस्टोनचं गणित मात्र आमचं चुकलं. नकाशावर आतला रस्ता म्हणजे इंग्रजी आठचा आकडा, १४२ मैल, म्हटलं एका दिवसात होतो की. हेडन व्हॅलीत बायसनचा कळप रस्त्यावर आला आणि गाड्या दीड तास जागच्या जागी. एक बायसन आमच्या खिडकीजवळून गेला, हात बाहेर काढला असता तर लागला असता (काढू नका, नियम २५ यार्डांचा आहे, अस्वल-लांडग्यांना १००). त्याच्या नाकातून निघणारी वाफ, मानेवरची मातीत गुंतलेली लोकर, आणि श्वासाचा आवाज, भात्यासारखा. धाकटी, जी एरवी पाच मिनिटं गप्प बसत नाही, ती श्वास रोखून बसलेली. ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा फवारा त्या दिवशी हुकलाच, दुसऱ्या दिवशी बघितला. साधारण दीड तासाने उडतो, अंदाजाची वेळ लावलेली असते, दहा मिनिटं मागेपुढे.

मूल चौथीत गेलं की त्याच्या नावावर नॅशनल पार्कचा फुकट पास काढा, सगळी गाडी आत जाते. आणि ज्युनियर रेंजरची पुस्तिका प्रत्येक पार्कात घ्याच, मुलं ती भरतात, रेंजरसमोर हात वर करून शपथ घेतात, बॅज मिळतो. आमच्या धाकटीने पुढे कचरा टाकला म्हणून मलाच दम दिला.

*

मी जरा वेगळं बोलतो. रोड ट्रिप मला आवडत नाही. गाडी मी चालवायची, सामान मी भरायचं, दरी सगळ्यांनी बघायची आणि मी कडेच्या रेलिंगकडे बघायचं. व्हर्जिनियातला स्कायलाइन ड्राइव्ह तेवढा सहन झाला, १०५ मैल, ३५चीच स्पीड लिमिट, त्यामुळे मलाही पानं दिसली. बाकी चालू द्या.

*

डॅलसहून न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाड केव्हर्न्सच्या गुहा आणि व्हाइट सँड्स केलंय, मार्चच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये. पांढरी वाळू म्हणजे जिप्सम, उन्हात पण पायाला चटका बसत नाही, माझी आई चप्पल हातात घेऊन टेकडी चढली, ७० वर्षांची, आणि वर जाऊन म्हणाली गणपतीपुळ्याची वाळू अशी असती तर. मुलांना प्लॅस्टिकची थाळी घेऊन घसरायला द्यायचं, थाळी आणि तिला लावायचं मेण तिथल्याच दुकानात मिळतं. जायच्या आधी रस्ता चालू आहे का तेवढं बघा, शेजारी मिसाइल रेंज आहे, चाचणी असली की हायवे काही वेळ बंद ठेवतात.

पण मला लिहायचं होतं ते कागदपत्रांबद्दल. त्या भागात बॉर्डर लांब असली तरी हायवेवर चेकपोस्ट लागतात, टेक्सासच्या बिग बेंड पार्कहून परत येतानाही लागतं. आमचे पासपोर्ट घरी कपाटात, मी शहाणपणा करून "हरवतील" म्हणून ठेवलेले, फोनमध्ये फोटो फक्त. गाडी बाजूला घ्यायला लावली, फोटोवरून तपासणी झाली आणि सोडलं, माणसं सभ्य होती, चूक शंभर टक्के माझी. पण ती वीस मिनिटं आई मागच्या सीटवर रामरक्षा म्हणत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. व्हिसावर असाल, आईवडील व्हिजिटर असतील, तर पासपोर्ट आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) गाडीतच हवं.

*

शहरांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्ही शार्लटहून वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क गाडीने केलं आणि दोन्हीकडे गाडी शहरात न्यायची नाही हा माझा हट्ट होता, यावरून भांडणही झालं. वॉशिंग्टनला बाहेरच्या मेट्रो स्टेशनला गाडी लावली, शनिवार-रविवार तिथलं पार्किंग फुकट, आणि स्मिथसोनियनची म्युझियम्सही फुकट, फक्त काही ठिकाणी, जसं आम्हाला एअर अँड स्पेसला, वेळेचे पास आधी काढायला लागले, त्यालाही पैसे नाहीत. न्यूयॉर्कसाठी शेजारच्या न्यू जर्सीत सिकॉकसला हॉटेल घेतलं, तिथून ट्रेनने दहाएक मिनिटांत मॅनहॅटनचं पेन स्टेशन. आता तर मॅनहॅटनमध्ये ६०व्या रस्त्याच्या खाली गाडी घातली की दिवसा ९ डॉलर वेगळे, जानेवारी २०२५पासून.

एवढं करूनही टोलने गाठलंच. भाड्याच्या गाडीत टोलचं यंत्र होतं, आपण वापरलं की टोल अधिक दर दिवसाची फी, हे बारीक अक्षरात. गाडी परत केल्यावर तीन आठवड्यांनी कार्डवर आलं. टोल कमी, फी जास्त. काउंटरवर तोंडी विचारून घ्या.

येताना न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडला मुद्दाम थांबलो. शार्लटला सगळं मिळतं हो आता, पण चार दिवस बेगल खाल्ल्यावर गरम वडापाव समोर आला तेव्हा नवऱ्याने भांडण मागे घेतलं.

*

धागा काढणाऱ्या ताई, तुमच्या आईबाबांच्या दृष्टीने सांगतो. बाबांना आम्ही ग्रँड कॅन्यनला नेलं तेव्हा त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झालेले. ते आधी नको म्हणत होते, तुम्ही जा मी गाडीत बसतो. साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण कडेला, व्हिजिटर सेंटरवर व्हीलचेअर मिळाली, आणि ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी एक परमिट देतात, ते काचेवर ठेवलं की हर्मिट रोडवर स्वतःची गाडी नेता येते, एरवी मार्च ते नोव्हेंबर तिथे फक्त शटल. हे आम्हाला माहीतच नव्हतं, रांगेतल्या एका बाईंनी सांगितलं.

मॅदर पॉइंटला रेलिंगपर्यंत खुर्ची जाते. बाबा जलसंपदा खात्यात होते, आयुष्य धरणांवर गेलेलं. खाली कोलोरॅडो नदीचा एवढासा तुकडा दिसतो, दोऱ्यासारखा. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग मला गाळाविषयी सांगायला लागले, नदी दगड कसा कापते, पाणी नाही कापत, पाण्यातली वाळू कापते. अर्धा तास. मागे लोक फोटोसाठी ताटकळलेले. मी इंजिनियर झालो तरी त्यांनी मला त्यांच्या कामाबद्दल एवढं सलग कधी सांगितलं नव्हतं. आमचं त्या दिवशीचं पेज गाठायचं राहिलं आणि हॉटेलचे पैसे बुडाले.

उंची मात्र लक्षात ठेवा, साउथ रिम ७००० फुटांवर आहे, बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नाही.

*

सगळ्यांना खूप थँक्यू, काल रात्री बसून आईला फोनवर सगळे अनुभव वाचून दाखवले. अगरबत्तीवाला दोनदा.

शीट बदलली. मॉन्युमेंट व्हॅली आणि पेज दोन्ही गाळलं, नवरा दोन दिवस गप्प होता, मग त्याला म्हटलं की बाबांना जीपमध्ये १७ मैल हादरे तू देणार का. आता झायॉनला दोन रात्री, तिथे शटलच आहे म्हणजे गाडीचा प्रश्न नाही, मग ब्राइसला दोन रात्री, आणि तिथून ग्रँड कॅन्यन. ब्राइसच्या आत खोल्या कधीच संपल्यात, पण दहाएक मैलांवर ट्रॉपिक नावाचं छोटं गाव आहे तिथे किचनवाली जागा मिळाली. आईचा प्रश्न होता कुकर न्यायचा का. छोटा इलेक्ट्रिक नेतोय, मुगाची खिचडी आणि मेतकूट, फोडणी अजिबात नाही, मागे एका मोटेलमध्ये मोहरी तडतडली आणि फायर अलार्म वाजून सगळं मजल्यावरचं पब्लिक पायजम्यात खाली उतरलं होतं, ते पुन्हा नको.

कोणाला ट्रॉपिकजवळ दूध-दही कुठे मिळतं माहीत असेल तर लिहा, की झायॉनहून निघतानाच भरून घेऊ?