रिलीज मेडिकल बोर्डाने टक्केवारी कमी लावली, २० टक्क्यांखाली म्हणून क्लेम नाकारला. अपील कसं करायचं?

गनरची लेक
वडील तोफखान्यात हवालदार होते. १९९८ ची भरती, २४ वर्षं सर्व्हिस पूर्ण करून २०२२ मध्ये घरी आले. रिलीज मेडिकल बोर्डाच्या (निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाच्या) कागदावर दोन गोष्टी आहेत. डावा गुडघा: २०११ मध्ये पीटी परेडला लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. त्याला १५-१९ टक्के, आणि सर्व्हिसमुळे झालं हे मान्य. दोन्ही कानांनी कमी ऐकू येणं: पहिली नोंद २०१४ ची. त्यालाही १५-१९ टक्के, पण 'नाना'. एकत्रित ३० टक्के लिहिलंय आणि त्याखाली पेन्शनसाठी पात्र टक्केवारी मात्र १५-१९.

जानेवारी २०२३ मध्ये पत्र आलं की २० टक्क्यांपेक्षा कमी असल्याने डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळणार नाही. आम्ही अपील केलं नाही. स्पर्श या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर दोनदा तक्रार टाकली, दोन्ही बंद करण्यात आल्या. गुडघा पूर्ण वाकत नाही, जिना उतरताना आधार लागतो. टक्केवारी वाढवून मागायची तर कुणाकडे? आणि आता उशीर झालाय का?

कागदवाला
ताई, टक्केवारी वाढवायच्या मागे लागण्याआधी तोच कागद पुन्हा वाचा. बोर्डाने स्वतःच एकत्रित ३० टक्के लिहिलेत. पैसे अडलेत ते टक्केवारीमुळे नाही, कानाला लागलेल्या 'नाना' शेऱ्यामुळे. नाना म्हणजे हा आजार सर्व्हिसमुळे झालाही नाही आणि सर्व्हिसमुळे वाढलाही नाही, असं बोर्डाचं मत. तो शेरा निघाला की ३० टक्के आपोआप पात्र ठरतात, गुडघ्याला हात लावायची गरज उरत नाही.

टक्क्यांचं गणितही समजून घ्या, कारण पुष्कळ जण इथेच फसतात. २० ही दाराची चौकट. मुदत पूर्ण करून आलेल्या माणसाला त्याखाली डिसेबिलिटी एलिमेंट नाही, आणि १९ चे ५० होत नाहीत. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये विंग कमांडर एस. पी. राठोड यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. चौकट ओलांडली की टप्पे लागतात: ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ पासून पुढे १००. मुदत संपवून आलेल्यांनाही हा फायदा मिळतो, हे डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने ठरलं. म्हणजे ३० चे ४० करून घेण्यासाठी वर्षभर खेटे घालण्यात काहीच अर्थ नाही, दोन्हींचे ५० च होतात. १९ चे २० किंवा ४५ चे ५० होत असतील तरच टक्क्यांसाठी भांडण्यात पैसा आहे.

रकमेचा अंदाज असा: १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. बेसिक आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) मिळून समजा ४५,००० असतील, तर १०० टक्क्यांना १३,५०० आणि ५० टक्क्यांना महिना ६,७५०. डीआर, म्हणजे पेन्शनवरची महागाई वाढ, वेगळा. अपिलाच्या शेवटी जी मागणी लिहाल तीत '३० टक्के, राउंड करून ५० टक्के' असे शब्द स्पष्ट घाला.

स्पर्शवरची तक्रार म्हणजे अपील नव्हे. पीपीओतली (पेन्शन मंजुरीच्या आदेशातली) चूक किंवा अडकलेली रक्कम यासाठी ती ठीक आहे. बोर्डाचं मत तिथे कुणी बदलत नाही.

नाशिककर हेडक्लार्क
वरचं बरोबर आहे. आता क्रम सांगतो.

अपील लिहिण्याआधी कागद गोळा करा. रेकॉर्ड ऑफिसच्या (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) माहिती अधिकाऱ्याला आरटीआय अर्ज, सोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. मागायचं काय, तर रिलीज बोर्डाची पूर्ण कार्यवाही म्हणजे एएफएमएसएफ-१६, सगळ्या पानांसह. भरतीच्या वेळचा मेडिकल. २०११ चा इंजुरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६. २०१४ पासूनचे मेडिकल कॅटेगरी (फिटनेसचा दर्जा) ठरवणारे सगळे बोर्ड आणि प्रत्येक ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख. पोस्टिंगचा तपशील आणि क्लेम नाकारताना दिलेलं मत. नुसतं 'मेडिकल डॉक्युमेंट्स' लिहिलंत तर दोन पानं हातात पडतील, म्हणून प्रत्येक कागदाचं नाव घालून मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर आरटीआयचंच पहिलं अपील करा.

मग पहिलं अपील. त्याची मुदत नाकारल्याच्या पत्रापासून सहा महिने. तुमची ती उलटली आहे, म्हणून त्याच अपिलासोबत उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज जोडा. कारण खरं लिहा: स्पर्शवरच्या तक्रारीलाच अपील समजलो होतो, या त्या तक्रारींच्या तारखा. अपील रेकॉर्ड ऑफिसकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा, पुढे तीच उपयोगी पडते. तेही नाकारलं तर दुसरं अपील, पुन्हा सहा महिन्यांच्या आत.

अपिलातला मुख्य मुद्दा असा मांडा. बोर्डाने कानाच्या रकान्यात बहुधा ठरावीक वाक्य टाकलं असेल: पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) सुरुवात, फील्ड, हाय ऑल्टिट्यूड किंवा सीआय ऑप्सशी (बंडखोरीविरोधी मोहिमांशी) जवळचा संबंध नाही. हे कारण तोफखान्यातल्या माणसाच्या कानाला लागू पडत नाही. तोफेचा आवाज पीस स्टेशनच्या फायरिंग रेंजवरही तोच असतो. किती वर्षं गन डिटॅचमेंटवर (तोफ चालवणाऱ्या तुकडीत) होते, कोणत्या तोफेवर, वर्षाला साधारण किती फायरिंग प्रॅक्टिस, हे तारखांसह लिहा. त्यानंतर जुलै २०१३ च्या धरमवीर सिंग निकालाचा आधार द्या: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, सर्व्हिसशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने आपल्या मताची कारणं दिलीच पाहिजेत. म्हणूनच भरतीचा मेडिकल तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे. पर्यायी मागणीही घाला, की सर्व्हिसमुळे झालं असं मानत नसाल तर निदान सर्व्हिसमुळे वाढलं असं तरी मान्य करा. पेन्शनसाठी तेवढंही पुरतं.

२१ सप्टेंबर २०२३ पासून डिसेबिलिटी पेन्शनचे नवीन नियम आलेत, पण ते त्यानंतर निवृत्त झालेल्यांना. वडिलांना २००८ चे नियम लागतील. कुणी नवीन नियम दाखवून परत पाठवलं तर हे सांगा.

कर्णतज्ज्ञ
कानाबद्दल थोडं. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ऑडिओग्रामवर ठळक खूण असते. ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि ८००० ला रेषा पुन्हा वर येते. वयामुळे गेलेल्या कानात ती वर न येता घसरतच जाते. २०१४ मध्ये वडील पस्तिशीच्या आसपास असतील, म्हणून तेव्हाचा ऑडिओग्राम आजच्यापेक्षा कितीतरी वजनदार. त्यात हा खड्डा दिसत असेल तर ईएनटी तज्ज्ञाकडून तेवढं एक वाक्य लेखी घ्या. आज नव्याने चाचणी केलीत तर वयाचा भाग मिसळलेला असेल आणि तोच मुद्दा तुमच्यावर उलटवला जाईल. त्यामुळे जुने रिपोर्ट पुढे ठेवा, नवा फक्त जोडीला.

गनरची लेक
खूप आभार. म्हणजे गुडघ्यासाठी पुन्हा बोर्ड मागूच नये का? आणि एकत्रित ३० मधून पुढे कुणी काही कमी करू शकतं का?

कागदवाला
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. मेडिकल ऑफिसरांच्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय, की दोन व्याधींचे परिणाम पूर्ण वेगळे असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज करायची. परिणाम एकमेकांत मिसळत असतील तरच कमी करायचं. गुडघा आणि कान यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कुणी कापाकापी केलीच तर हे दाखवा.

गुडघ्यासाठी रिव्ह्यू मेडिकल बोर्ड मागता येतो, पण त्याने लावलेली टक्केवारी अंतिम असते आणि ती खालीही येऊ शकते. आज तरी तो धोका पत्करू नका. कानाचा निकाल विरोधात गेला तरच त्याकडे वळा, आणि तेव्हाही ऑर्थोपेडिक तज्ज्ञाचा आकड्यांतला रिपोर्ट घेऊनच जा: गोनिओमीटरने मोजलेले वाकण्याचे अंश, गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटीमीटर वर दोन्ही मांड्यांचा घेर, लॅचमन टेस्टचा (गुडघ्याच्या लिगामेंटच्या चाचणीचा) निष्कर्ष, उभं राहून काढलेला दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे. 'दुखतं, चालवत नाही' या शब्दांवर बोर्ड टक्के देत नाही. मांडी दोन सेंटीमीटरने बारीक झाली असेल तर ते नाकारणं अवघड जातं.

नाशिककर हेडक्लार्क
शेवटचा टप्पा राहिला. अपिलावर सहा महिने काहीच उत्तर आलं नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा मार्ग मोकळा होतो. मुंबईला खंडपीठ आहे. ते सहा महिने संपल्यापासून पुढच्या सहा महिन्यांत अर्ज करायचा, आदेश आला असेल तर आदेशापासून सहा महिन्यांत. वकील सक्तीचा नाही, वडील स्वतः उभे राहू शकतात. पण 'एरिअर्समधले इतके टक्के द्या' म्हणणाऱ्या दलालाला मूळ कागद चुकूनही देऊ नका.

न्यायाधिकरण नानाचा शेरा स्वतः तपासून रद्द करू शकतं. नुसत्या टक्क्यांचं भांडण नेलंत तर सहसा पुन्हा डॉक्टरांकडेच पाठवतात. म्हणून अर्जाचा भर कानावर ठेवा.

उशिराची धास्ती घेऊ नका, पण रेंगाळूही नका. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो, त्यामुळे उशिरा गेलेला दावा सहसा फेकला जात नाही. मात्र २००८ च्या तर्सेम सिंग निकालानुसार मागची थकबाकी न्यायाधिकरणात अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच सहसा मिळते. म्हणजे त्यापुढे जितके महिने थांबाल तितक्या महिन्यांचे पैसे गेले. आरटीआयचा अर्ज या आठवड्यातच टाका.